आधी दवाखाना, मग माळ

माझा धाकटा भाऊ दहावीत असताना मावा खायला लागला. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन टपरीवाला तळहातावर घासून द्यायचा. अठरा वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण टपरीवाल्याला कुणी हटकलं नाही. 'मावाच खातो, दारू तर पीत नाही ना,' असं घरातही म्हटलं जायचं.

आमच्या बारामतीकडच्या जळोचीला एमआयडीसी जवळ, त्यामुळे पोरांच्या हातात लवकर पैसा खुळखुळतो. मित्राच्या वाढदिवसाला बिअर झाली, पुढे पगाराच्या दिवशी क्वार्टर, मग ड्युटी सुटली की रोजच. सुरुवातीला तो मजा म्हणून प्यायचा. दोन-तीन वर्षांत झोप लागावी म्हणून प्यायला लागला आणि शेवटी सकाळी चहाचा कप धरता यावा म्हणून. पोरगं किती पितं यापेक्षा कशासाठी पितं, यावर नजर ठेवा. कारण बदललं की व्यसन पुढच्या पायरीवर गेलं, असं समजा. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून कोवळ्या वयातली सवय इतकी घट्ट बसते.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला त्या दिवशी दारू सोडायचा शब्द घेऊन तुळशीची माळ घालायला लावली. त्याने शब्द पाळला, थेंबही घेतला नाही. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. तो अंथरूण झटकत होता, बनियन घामाने चिंब झालं होतं, आईलाही ओळखेना. चुलते म्हणाले, बाहेरचं आहे, देवऋषी बोलवा. आईने ऐकलं नाही, म्हणून आम्ही दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरांनी समजावलं ते प्रत्येक घराला माहीत हवं. रोज दारू मिळत असली की मेंदू तिला तोंड द्यायला सतत चढ्या वेगाने चालतो. दारू एकदम तोडली तरी तो वेग उतरत नाही. मग थरथर, भास, झटके सुरू होतात आणि जीवही जाऊ शकतो. माळेने कितीतरी संसार सावरलेत, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

पुढे त्याला पुण्याला 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते उभं केलं. घरच्यांनाही तिथे बोलावतात, बोलतं करतात. परत आल्यावर दिवाळीत तो पुन्हा प्यायला. तेव्हा अण्णांनी हात उगारला नाही, दुसऱ्या दिवशी त्याला पाठपुराव्याला घेऊन गेले. आज तो कामावर जातो.

'लग्न करून टाका, सुधारेल,' हा सल्ला आम्हालाही भरपूर मिळाला. तो ऐकू नका, त्यात परक्याची लेक भरडली जाते. पिणाऱ्याची उधारीही परस्पर फेडू नका. सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन मोफत आहे. तुमच्या घरात कुणाला सकाळी उठल्या-उठल्या प्यावी लागत असेल, तर त्याच्याकडून शपथ घेण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या.