सौताड्याची दरी : उतरणीचा एक पाठ

डोंगर चढणाऱ्याचे श्रम आरंभी असतात. माथ्यावर पोहोचावे, घाम पुसावा, शिदोरी सोडावी आणि मग उतरणीच्या सोयीने घरी यावे, असा त्याचा क्रम. दरीत जाणाऱ्याचा क्रम नेमका उलटा. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी तो खाली उतरतो. आणि ऊन माथ्यावर आले, पाणी सरत आले, पोटऱ्या दुखू लागल्या, म्हणजे त्याची चढण सुरू होते. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती मुद्दाम सांगावी लागू नये. तथापि सहलीस निघालेल्या मुलांपैकी पुष्कळांना ती दरीच्या तळाशी गेल्यावरच आठवते, असा आमचा अनुभव असल्याने यंदा हाच विषय निवडला आहे.

उदाहरणासाठी जिल्ह्याबाहेर जावयास नको. पाटोद्याहून जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस सौताडा गाव आहे. बालाघाटाच्या पठारावरून संथपणे आलेली विंचरणा नदी येथे एकाएकी कड्यावरून खाली कोसळते. खाली खोल दरी, आणि त्या दरीत रामेश्वराचे देऊळ. पावसाळ्यात धबधबा पाहावयास दूरदूरचे लोक येतात. उन्हाळ्यात धार आटते आणि काळा कडा तेवढा उरतो. आमच्या मते विद्यार्थ्याने ही जागा दोन्ही ऋतूंत पाहावी, कारण पाण्याने झाकलेला खडक पाणी आटल्यावरच नीट वाचता येतो. देवळाच्या आवारात पादत्राणे काढावीत व आवाज खाली ठेवावा. दुसऱ्याच्या भक्तिस्थानाचा मान राखणे हे आपल्या शाळेत निराळे शिकवावे लागू नये.

आता नकाशा उघडा. विंचरणेचे पाणी दक्षिणेकडे सीना नदीस मिळते, सीना भीमेस, आणि भीमा कृष्णेस. परंतु याच पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या सिंदफणा व मांजरा या दोन्ही नद्या आपले पाणी गोदावरीस देतात. म्हणजे एकाच तालुक्याच्या माळावर शेजारी शेजारी पडलेले पावसाचे दोन थेंब, एक कृष्णेच्या मुखाने आणि दुसरा गोदावरीच्या मुखाने, बंगालच्या उपसागरास जातात. आपल्या कोरड्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या अंगी हे केवढे थोर काम आहे!

कड्याकडे पाहिले असता तो एकसंध दिसत नाही. एकावर एक थर रचल्यासारखा दिसतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर पडून दख्खनभर पसरला व थिजला. तोच आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. प्रत्येक लोट निवताना त्याच्या वरच्या अंगास वायूचे बुडबुडे अडकून खडक सच्छिद्र व ठिसूळ झाला. मधला भाग घट्ट राहिला. पुढे त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरले, ते मुलांना वेचावयास फार आवडतात. कित्येक ठिकाणी दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा आढळतो. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात झिजलेल्या खडकाची ही माती होय. काळ्या थरांपेक्षा हा तांबडा पट्टा आम्हांस अधिक विचार करावयास लावतो, कारण पृथ्वी जेव्हा स्वस्थ होती त्या काळाची ती खूण आहे.

धबधबा कसा घडतो हेही यावरूनच उमजते. वरचा कठीण थर पाण्यास दाद देत नाही. खालचा मऊ थर तुषारांनी व भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी पोखरला जातो. आधार गेला की वरचा खडक आपल्याच भाराने तुटून पडतो. असे होता होता कडा मागे मागे सरकतो आणि त्याच्या पुढे दरी लांबत जाते. कड्याच्या अगदी टोकाशी उभे राहू नये असे आम्ही बजावतो, ते भित्रेपणाने नव्हे. पायांखालचा खडक आतून पोकळ झाला आहे की नाही, हे वरून कोणासही दिसत नाही.

उतरताना दम लागत नाही, म्हणून मुलांस वाटते की श्रमच होत नाहीत. वास्तविक मांडीचे स्नायू त्या वेळी ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरीत असतात; स्नायूंना याहून जड काम क्वचितच पडते. त्याची वेदना त्या दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. धावत उतरणाऱ्याच्या गुडघ्यांस प्रत्येक पावलागणिक हादरा बसतो तो वेगळाच. गेल्या सहलीत शहरी मुले उड्या मारीत पुढे गेली. ज्यांची आईबापे दरसाल ऊसतोडीस जातात अशी काही मुले मात्र गुडघे किंचित वाकवून, आखूड पावले टाकीत, पाऊल जरा आडवे ठेवून उतरत होती. डोक्यावर मोळी वा हंडा घेऊन उतरणाऱ्या आईची ही चाल त्यांनी पाहूनच उचलली होती. वर्गात मागच्या बाकावर बसणारी ही मुले परतीच्या चढणीत सर्वांच्या पुढे होती, आणि इतरांनी त्यांना चालण्याची रीत विचारली. त्यांनीही ती मोकळेपणाने दाखवली.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीची जगप्रसिद्ध दरी आहे. तिच्या दक्षिण काठावरून ब्राइट एंजल नावाची वाट सुमारे 1,340 मीटर खाली नदीपर्यंत जाते. तेथील रक्षक प्रवाशांस सांगतात की, उतरावयास जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढावयास धरा, आणि नदीपर्यंत जाऊन एकाच दिवसात परत येण्याचे साहस करू नका. तेथे तळाशी उष्णताही काठापेक्षा पुष्कळ अधिक असते. आपली दरी त्या मानाने लहान. पण हिशेब तोच. जवळच्या पाण्याचा तिसरा हिस्सा संपला की, तळ आला असो वा नसो, मागे फिरावे. भाकरीबरोबर खारे दाणे किंवा शेंगदाण्याची चटणी असावी, कारण घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सौताड्यावर आभाळ निरभ्र असले तरी वर पठारावर सर कोसळली असू शकते, आणि ते पाणी पाहता पाहता दरीत येते. प्रवाह गढूळ झाला, काटक्या-पाचोळा वाहू लागला किंवा पाण्याचा आवाज वाढला, की पात्रातून तत्काळ बाहेर पडून उंच जागी जावे. चपला, पिशव्या काढण्यास थांबू नये. कुंडात पोहण्याची परवानगी आम्ही कोणासही देत नाही, उत्तम पोहणाऱ्यासही नाही. तेव्हा तशी चिठ्ठी कृपा करून पाठवू नये.

जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यास असा : चढताना जेथे जेथे दम घ्यावयास थांबाल, तेथे समोरचा खडक पाहा. तो घट्ट आहे की सच्छिद्र, काळा की तांबडा, ओला की कोरडा, हे वहीत क्रमाने खालून वर लिहीत या. कड्यावर पोहोचल्यावर त्याची आकृती काढा आणि शेजाऱ्याच्या आकृतीशी ताडून पाहा. जेथे भेद पडेल, तेथे दोघांपैकी कोण घाईने चढला ते आपसांत ठरवा.