घरातील पाण्याची शुद्धी

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आपल्या पूर्वजांनी ओंजळीने पाण्यावरील हक्क बजावला. हक्काचे ते पाणी घरात निर्दोष राहते काय, हा त्यापुढील प्रश्न आहे.

पटकी, विषमज्वर, कावीळ व अतिसार हे रोग दूषित पाण्यातून पसरतात आणि त्यांचा पहिला घाव लहान मुलांवर बसतो. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत; म्हणून ‘नितळ ते शुद्ध’ हा समज घातक होय. शिवाय विहिरीवर शुद्ध असलेले पाणीही उघडा हंडा, न धुतलेला हात व आत बुडविलेला पेला यांमुळे घरी दूषित होते.

गरीब कुटुंबाच्या आवाक्यातील एक उपाय बांगलादेशातील मतलब भागात पारखला गेला. रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ खेड्यांत केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात व त्यांच्यासह वस्त्रात अडकतात. वारंवार धुतलेल्या वस्त्राची छिद्रे बारीक होतात, म्हणून जुनी साडीच अधिक उपयोगी. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांतही पाणी गाळण्याचे साधन आहेच.

तथापि सुटे जंतू कापडातून निसटतात. यास्तव पुढील क्रम पाळावा :

१. पाणी गाळावे, कापड लगेच धुऊन उन्हात वाळवावे.
२. पाण्याला खळखळून उकळी आणावी व किमान एक मिनिट ती टिकू द्यावी. अथवा क्लोरीनचे औषध वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.
३. पाणी झाकणाच्या भांड्यात ठेवावे. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

फ्लोराइड व आर्सेनिक मात्र यांपैकी कशानेही जात नाहीत. तेथे पाण्याची तपासणी करून दुसरा स्रोत शोधणे हाच मार्ग.

मतलबला पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा शिकविलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्केच पाणी गाळत होत्या. ज्ञान एका दिवसात देता येते; सवय रोज राखावी लागते. सुटीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने व त्याच्या पालकांनी हा धडा हंड्यापासूनच गिरवावा.