दुरून चालणारी मोटार

मुलांनो, माहीमच्या उरुसात किंवा बोरिवली, घाटकोपरच्या स्टेशनबाहेर तुम्ही रिमोटवर चालणारी मोटार नक्कीच पाहिली असेल. एक बटण दाबले की ती पुढे पळते, दुसरे दाबले की मागे येते. चार दिवस घरभर तिचा धुमाकूळ चालतो. पाचव्या दिवशी एक चाक फिरेनासे होते. मग अम्मी ती कपाटावर ठेवून देतात आणि तिथून ती एक दिवस भंगारवाल्याच्या पोत्यात जाते.

या पाठात आपण तिच्या थोरल्या बहिणीची ओळख करून घेणार आहोत. ही मोटारही दुरूनच चालते. पण ती तयार मिळत नाही. खोक्यात तिचे सुटे भाग येतात. शेकडो लहानमोठे स्क्रू, दंतचक्रे, दांडे, स्प्रिंगा आणि प्लॅस्टिकचे तुकडे. सोबत चित्रांची पुस्तिका असते. ती पाहून मोटार आपणच जोडायची. अशी मोटार बिघडली तर कोणी टाकून देत नाही. ती उघडतात, बिघडलेला भाग काढतात आणि नवा बसवतात. म्हणूनच तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी मोटारी आजही धावत आहेत.

खेळण्यातली मोटार आणि ही मोटार यांत आणखी एक मोठा फरक आहे. खेळण्याचे चाक एकतर पूर्ण डावीकडे वळते किंवा पूर्ण उजवीकडे. थोडेसे वळणे त्याला ठाऊक नसते. या मोटारीला मात्र आपण जेवढे सांगू तेवढेच ती वळते. हे कसे घडते? तुमच्या हातातील यंत्राला ट्रान्समीटर म्हणतात. तो रेडिओ लहरी सोडतो. मोटारीतील रिसीव्हर त्या लहरी पकडतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या यंत्राला दर सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की चाके सरळ राहतात. तो एक मिलिसेकंदाचा झाला की चाके एका बाजूला पूर्ण वळतात, दोन मिलिसेकंदांचा झाला की दुसऱ्या बाजूला. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग! इतक्या सूक्ष्म फरकावर ती मोटार वळण घेते.

तारेशिवाय दुरून काम करवून घेण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक प्रयोग करून दाखवला. त्यांनी सोडलेल्या लहरी भिंतीतून पार गेल्या, त्यांनी पलीकडची घंटा वाजवली आणि बारूद पेटवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट सोडली व ती दुरून वळवून दाखवली. पाहणारे थक्क झाले. मोटारीची पाळी पुष्कळ उशिरा आली. १९६६ मध्ये इटलीतील एल-गी या कंपनीने रेडिओवर चालणारी फेरारी मोटार विकायला काढली.

पण या छंदाला खरा बहर आणला तो जपानने. शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे. १९४६ मध्ये ती लाकडाच्या धंद्यातून सुरू झाली, पुढे लाकडी आणि नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बनवू लागली. पोर्शे मोटारीची प्रतिकृती करायची ठरली, तेव्हा शुनसाकू तामिया यांनी काय केले असेल? त्यांनी एक खरी पोर्शे विकत घेतली आणि तिचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. १९७६ मध्ये त्यांची रेडिओवर चालणारी पोर्शे ९३४ बाजारात आली. ती मूळ मोटारीच्या एक बारांश आकाराची, हुबेहूब पोर्शेसारखी होती. (हुबेहूब, कारागीर, दुरुस्ती, बाजार, किंमत हे मराठी शब्द तुम्हाला वेगळे शिकवावे लागणार नाहीत. ते तुमच्या घरचेच आहेत.)

१९७९ मध्ये याच कंपनीची सँड स्कॉर्चर आली. ती फोक्सवॅगन बीटल मोटारीची एक दशांश प्रतिकृती होती. म्हणजे मूळ मोटार चार मीटर लांब असेल, तर प्रतिकृती चाळीस सेंटीमीटर. तिची पुढची-मागची चाके खऱ्या बीटलप्रमाणेच वरखाली होत. रिसीव्हर आणि बॅटरी पाण्यापासून वाचावी म्हणून ती प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवलेली असत. ही मोटार महाग होती. पुढे १९८४ मध्ये ग्रासहॉपर, म्हणजे नाकतोडा, ही साधी व स्वस्त मोटार निघाली. त्याच वर्षी तिची वेगवान बहीण हॉर्नेट आली. जगातील हजारो मुलांनी आपली पहिली मोटार जोडली ती यांपैकीच एखादी.

आपल्याकडे त्या वेळी काय परिस्थिती होती? परदेशी वस्तू आणण्यावर सरकारचे कडक निर्बंध होते. १९९१ नंतर ते हळूहळू सैल झाले आणि १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या बहुतेक वस्तूंवरील आयातबंदी उठली. तोपर्यंत जोगेश्वरी, कुर्ला किंवा मुलुंडच्या मुलाला अशी मोटार हवी असेल, तर एकच आशा असे. दुबईला किंवा कुवेतला नोकरी करणारे चाचा किंवा मामू सुटीवर येताना ती सामानात घेऊन येतील! त्यामुळे मुंबईत अशा मोटारी थोड्या आल्या; आणि ज्या आल्या त्यांतील कित्येक माळ्यावर पडून राहिल्या. एकदा दंतचक्र तुटले की सुटा भाग आणणार कोठून? नंतर वाट मोकळी झाली, तरी ती स्वस्त झाली नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले.

समजा, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी मोटार निघाली. तर सर्वांत आधी काय कराल? तुम्ही म्हणाल, बॅटरी लावून पाहू. तेच करू नका. मुंबईची हवा दमट आणि खारी आहे. इतक्या वर्षांत स्क्रू गंजलेले असतात, तांब्याच्या तारांवर हिरवी बुरशीसारखी पूड चढलेली असते, टायरच्या रबराला भेगा पडलेल्या असतात. अशा मोटारीत एकदम वीज सोडली तर उरलेसुरले भागही जळू शकतात.

आधी ती उघडा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्या, नाहीतर वहीत चित्र काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. ते अंड्यांच्या ट्रेमध्ये खणाखणात ठेवा आणि प्रत्येक खणावर क्रमांक लिहा. प्लॅस्टिकचे भाग कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश यांनी धुवा. पेट्रोल किंवा थिनर वापरण्याचा मोह होईल. पण थिनरने प्लॅस्टिक विरघळते. दंतचक्रांतील जुने ग्रीस काळे आणि घट्ट झालेले असते. ते सगळे पुसून काढावे लागते. या कामात घाई चालत नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तुम्ही कधी पाहिले असेल, तर त्याचे हात आठवा.

मोटर बसवताना एक छान युक्ती आहे. मोटरचे छोटे दंतचक्र आणि पुढचे मोठे दंतचक्र यांच्यामध्ये किंचित फट लागते. फट नसेल तर चक्रे कुरकुरतात आणि मोटर तापते. फट जास्त झाली तर दाते निसटतात व झिजतात. मग किती फट ठेवायची? दोन्ही चक्रांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी घाला, चक्रे तिच्यावर दाबून धरा आणि मोटरचे स्क्रू आवळा. नंतर चक्र फिरवून कागद काढून घ्या. हवी तेवढी फट आपोआप राहते.

सुटे भाग मिळवणे हा या छंदातील सर्वांत रंगतदार भाग आहे. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर तारा, स्विच, जोडण्या, बॅटरीचे डबे असे विजेचे बहुतेक सामान मिळते. बॉल बेअरिंग आकार सांगितला की साध्या बेअरिंगच्या दुकानातही मिळते. भेंडीबाजारालगतच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, जुनी खेळणी शोधणारे शौकीन फेऱ्या मारतात. आणि जो भाग कोठेच मिळत नाही, तो बनवून घ्यावा लागतो. अंधेरीत मरोळ, साकीनाका भागातील गाळ्यांमध्ये लेथवर काम करणारे कुशल टर्नर आहेत. तुटलेला दांडा त्यांच्यासमोर ठेवला, तर मापे घेऊन ते नवा कातून देतात. तुमच्यापैकी काहींचे अब्बा हेच काम करीत असतील. त्यांना विचारून पाहा.

जुन्या मोटारी जमवणाऱ्यांना आता आणखी एक मदत झाली आहे. तामिया कंपनीने हॉर्नेट २००४ मध्ये, ग्रासहॉपर २००५ मध्ये आणि सँड स्कॉर्चर २०१० मध्ये पुन्हा बाजारात आणली. या नव्या मोटारींचे पुष्कळसे भाग जुन्यांना बसतात. पण यामुळे फसवणुकीलाही वाव मिळाला. नवी मोटार जुनी म्हणून विकणारे असतातच. म्हणून जमवणारा माणूस खोके, पुस्तिका आणि भागांवरील खुणा बारकाईने पाहतो.

आता एक पेच. मराठीत पेच म्हणजे अडचणीचा प्रश्न. उर्दूत पेच म्हणजे स्क्रूही, तेव्हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी बसतो. जुनी मोटार दुरुस्त करताना ती पूर्वी होती तशीच ठेवायची, की सुधारायची?

मूळ ग्रासहॉपरमध्ये ३८० क्रमांकाची लहान मोटर होती. तिचा वेग एका डब्यातील रोधकाने कमी-जास्त केला जाई. मोटार हळू चालवायची तर बाकीची वीज रोधकात उष्णता होऊन वाया जाई. तो भाग हाताला चटका बसेल इतका तापे. आजचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून वेग ठरवतात. वीज फारशी वाया जात नाही. रेडिओचेही तसेच. पूर्वी २७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सहा वाटा होत्या आणि प्रत्येकीला एक रंग होता : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. मैदानात दोघांकडे एकाच रंगाची वाट असली, तर एकाच्या ट्रान्समीटरने दुसऱ्याची मोटार भलतीकडे पळे. म्हणून अँटेनाला रंगीत फीत बांधत. आजच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रात प्रत्येक रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो.

हे सगळे नवे सामान जुन्या मोटारीत बसवावे काय? काही जण म्हणतात, मोटार धावण्यासाठी आहे, बसवा. काही म्हणतात, मूळ स्क्रूसुद्धा बदलू नका. मला दोन्ही टोके पटत नाहीत. रेडिओ, नियंत्रक, बॉल बेअरिंग खुशाल बदलावीत. कारण जुने भाग डबीत जपून ठेवले तर ते पुन्हा बसवता येतात. पण जुन्या कवचाला भोक पाडले किंवा मूळ रंग खरवडला की तो परत आणता येत नाही. जोरदार मोटरचेही तसेच. चाळीस वर्षांच्या प्लॅस्टिकच्या दंतचक्रांवर तिप्पट ताकदीची मोटर बसवली तर पहिल्याच दिवशी दाते तुटतील. मग तुम्ही धातूचे चक्र बसवाल. ते तुटणार नाही. पण तोच धक्का पुढच्या नाजूक भागाला बसेल आणि तो तुटेल. मजबूत भाग मार संपवीत नाही, तो फक्त पुढे ढकलतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह अजिबात धरू नका. जुन्या बॅटरीत निकेल-कॅडमियमचे सहा घट असत, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे एकूण ७.२ व्होल्ट. कॅडमियम विषारी आहे. पांढरी पूड सुटलेली बॅटरी उघड्या हाताने धरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मोठ्या माणसांना सांगून ती योग्य ठिकाणी पोचवा. नव्या लिथियम बॅटऱ्या हलक्या आणि जोरदार असतात. पण फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज केली, किंवा चार्जिंगला लावून माणूस झोपी गेला, तर आग लागू शकते. एका खोलीत सहा माणसे झोपतात अशा आपल्या घरांत हा धोका लहान नाही. तिचाच चार्जर वापरा आणि चार्जिंग होईपर्यंत जवळ बसा. नवशिक्याला निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी अधिक बरी. तीही ७.२ व्होल्टची मिळते.

ज्यांना हे सारे मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल, त्यांच्यासाठी पवईची आय. आय. टी. जवळच आहे. तेथील टेकफेस्ट हा महोत्सव १९९८ मध्ये सुरू झाला आणि त्यात इंजिनावर धावणाऱ्या दूरनियंत्रित मोटारींच्या शर्यती झाल्या आहेत.

तुमची मोटार तयार झाली की ती जुहूच्या वाळूत नेऊ नका. खारी वाळू बेअरिंगमध्ये शिरते आणि आठवड्यात गंज धरते. शाळेचे मैदान उत्तम. आणि एक क्रम पाठ करा. आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, मग मोटार. बंद करताना आधी मोटार, मग ट्रान्समीटर. जुन्या रेडिओच्या मोटारीला हुकूम देणारे कोणी नसेल, तर ती वाटेल त्या लहरीला हुकूम समजते आणि सरळ भिंतीकडे सुटते.