मधला चौकोन मोकळा ठेव

चि. सोनूस,


बाळाच्या खेळायच्या गोधडीचं तू काढलेलं चित्र पाहिलं. नऊ चौकोन आणि प्रत्येकात काही ना काही: बटणांचं फूल, घुंगरं, आभले, रिबिनी, चेन, खिसा. तुझी हौस दिसते. पण बाळ आत्ता चार महिन्यांचं आहे. कुशीवर वळायला, पालथं पडून मान उचलायला त्याला स्वच्छ, सपाट जागा हवी. रांगायला न लागलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. तुझी गोधडी मुख्यतः त्या अर्ध्या तासासाठी आहे. म्हणून मधला चौकोन अगदी साधा ठेव. जे काही लावायचं ते कडेच्या चौकोनांत, आणि तेही सगळ्या आठांत नको.

गोधडी गुबगुबीत करायचा मोह टाळ. कापूस भरलेल्या जाड गादीत कोपर रुततं आणि बाळाला हातांवर जोर देऊन छाती उचलता येत नाही. आत जुन्या सुती साडीचे तीन-चार पदर घाल, तेवढे पुरे. आपल्याकडच्या बायका वाकळीला जुनी लुगडी-धोतरं घेत, त्यात काटकसर होतीच, पण शहाणपणही होतं. वर्षानुवर्षं धुतलेलं सूत आटायचं तेवढं आटलेलं असतं, त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो. तू वरच्या बाजूला नवं कापड घेणार असशील तर ते आधी पाण्यातून काढ, वाळव, इस्त्री कर आणि मगच कात्री लाव. नाहीतर पहिल्याच धुण्यात वरचं कापड आकसतं, आतलं तसंच राहतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. गडद कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघ. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड बाद, कारण ते बाळाच्या तोंडात जाणारच.

मापाचं सोपं आहे. चौकोन १३ इंचांचे काप. अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की १२ उरतात, तीन मिळून ३६. भोवती ३ इंचांची पट्टी जोडलीस की ४२ इंच झाले. पाठीला ४४ इंच पन्ह्याचं कापड घेतलंस तर मध्ये जोड येत नाही.

आता टाचण्यांबद्दल. पदर एकमेकांवर घातले की तू सवयीनं टाचण्या लावायला जाशील. लावू नकोस. एखादी आत राहिली तर बाहेरून दिसत नाही, आणि टोचल्यावरच कळते. सगळे पदर जमिनीवर पसर, हातानं सुरकुत्या काढ आणि मधून कडेकडे जात लांब टाक्यांचा कच्चा दोरा घाल. मशीनवर टीप मारतानाही मधूनच सुरुवात कर. हातानं धावदोरा घालणाऱ्या बायका कडेपासून आत येतात आणि त्यांचं छान जमतं, कारण त्यांचा हात पदर सारखा करत पुढे सरकतो. मशीन वरचं कापड पुढे ढकलतं, म्हणून कडेनं आत आलीस तर मध्ये फुगा येईल. दोन टिपांत चार बोटांहून जास्त अंतर ठेवू नकोस, नाहीतर धुण्यात आतले पदर गोळा होतात. शेवटी भोवती उरेब पट्टीचा गोट लाव. वाकलेल्या कोपऱ्यावर तीच नीट बसते.

मग आता काय लावायचं? बटणं, मणी, घुंगरं तीन वर्षांपर्यंत नकोत. लहान मुलांच्या खेळण्यांचा सुटा भाग सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीच्या नळकांड्यात मावतो का, हे तपासतात. मावला तर तो घशात अडकू शकतो. तुझ्या पेटीतलं बहुतेक प्रत्येक बटण त्यात मावेल. आभले काचेचे, तेही नकोत. जरीचा काठ कितीही सुंदर दिसला तरी त्याची तार सुटते आणि गालाला ओरखडते. त्यापेक्षा कापडांचेच स्पर्श दे: एका चौकोनात खादी, एकात टर्किश टॉवेल, एकात कॉर्डरॉय. एका चौकोनात काळे-पांढरे रुंद पट्टे घे. फिक्या गुलाबी-आकाशीपेक्षा ते बाळाला पटकन दिसतात.

रिबिनी मात्र जरूर लाव, पण लोंबत्या नाही. चार इंचांची फीत दुमड, दोन चौकोनांच्या जोडात घाल आणि तिची टोकं कडेबाहेर अर्धा इंच येऊ दे. त्यावरून टीप मार, परत उलटी ये, पुन्हा एकदा जा. बाहेर इंचभर घडी राहते. बाळ ती मुठीत धरेल, चावेल, ओढेल. बाळाला द्यायच्या आधी तूच ती सगळ्या ताकदीनं ओढून बघ.

चेन, खिसा, मोठं बटण यांची वेळ बाळ तीन वर्षांचं झाल्यावर येईल. तेव्हाही एका चौकोनात एकच काम ठेव. माँटेसरीबाईंच्या बटणं लावायच्या चौकटीत फक्त बटणं असतात आणि नाडी बांधायच्या चौकटीत फक्त नाडी. मुलाचं लक्ष एका कामावर टिकतं ते म्हणूनच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी त्या परिसरातल्या वस्तू वापरल्या. बोर्डीची ती पद्धत मला फार मोलाची वाटते. तुझ्या आजीची साडी, बाबांचा जुना लेंगा, तुझ्या शाळेचा फ्रॉक हे सगळं घरातच आहे. दुकानातलं तयार सामान मागवण्याआधी कपाट उघड.

आणखी दोन गोष्टी. बाळ गोधडीवर झोपलं तर उचलून त्याच्या जागी ठेव. ही गोधडी जागेपणी खेळायला आहे. आणि दर धुण्यानंतर उन्हात घालताना प्रत्येक फितीवर, प्रत्येक जोडावर बोट फिरव. टाका सैल लागला तर गोधडी बाळाखाली घालण्याआधी पक्का कर.

साड्या मी रविवारी तुझ्या काकांबरोबर पाठवते. काठ कापूनच पाठवीन.

तुझी,
मावशी