हक्काची शिष्यवृत्ती आणि हट्टाची शाखा

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो: कॅप राऊंडमध्ये कॉम्प्युटर मिळत नाही, मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रिकल मिळतंय, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घ्यावं का? पाठोपाठ पालकांचं वाक्य असतं, 'पैशाचं बघू, कर्ज काढू.' ज्या घराचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्या घराला माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती योजनेत खुल्या प्रवर्गातल्या मुलाची निम्मी शिक्षण फी सरकार भरतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण या सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) मिळालेल्या जागेलाच लागू होतात. मॅनेजमेंट कोट्याच्या अर्जावर सही केली की चार वर्षांच्या फी-माफीवर आपल्याच हाताने पाणी सोडलं जातं. वर त्या जागेची फी बहुधा जास्तच असते.

यावर पालक म्हणतात, कॉम्प्युटरला नोकरी आहे, कर्ज फिटेल. चार वर्षांनी कोणत्या शाखेला किती मागणी असेल, हे आज छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही. जो सांगतो तो बहुधा जागा विकत असतो. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत इतर शाखांची मुलंही बसतात आणि निवडली जातात. कर्जाचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच येतो. जेसी रोथस्टीन आणि सिसिलिया राऊज या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या पदवीधरांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्या विद्यापीठाने गरजू विद्यार्थ्यांना कर्जाऐवजी अनुदान द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे कर्ज असलेल्या आणि नसलेल्या मुलांची तुलना शक्य झाली. कर्ज डोक्यावर असलेली मुलं जास्त पगाराच्या नोकऱ्यांकडे वळली. शिक्षकी पेशा किंवा समाजकार्यासारख्या कमी पगाराच्या कामांपासून लांब राहिली. जास्त पगार वाईट नाही. पण स्पर्धा परीक्षा, संशोधन किंवा गावाकडचा उद्योग मनात असलेल्या मुलाची ती वाट आपण अठराव्या वर्षीच बंद करतो, आणि तेव्हा त्याला हे कुणी सांगतही नाही.

आता सांगायचं आहे ते दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीबद्दल: राहण्या-जेवण्याच्या मदतीबद्दल. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं, असं धरून घरं मुलाला पुण्याला पाठवतात आणि दुसऱ्या महिन्यात कॉटचं भाडं आणि मेसचं बिल बघून हबकतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला तिच्यातून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात: भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. जिल्ह्याच्या ठिकाणी हीच रक्कम ४३ हजार आहे. म्हणजे मोठ्या शहरासाठी महिन्याला सुमारे १,४०० रुपये जास्त. पुण्यातल्या आणि जिल्ह्याच्या गावातल्या खोलीच्या भाड्यात याहून किती जास्त अंतर आहे, ते कुणालाही फोन करून विचारा. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, आणि फॉर्म भरण्याआधी त्या वाचणं भाग आहे. कराड, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा मिळत असेल, तर पुण्यातल्या चकचकीत खासगी इमारतीपेक्षा माझं मत निःसंकोचपणे तिकडे पडतं. राहण्याचा खर्च भागवायला जो मुलगा रात्री डिलिव्हरीची कामं करून सकाळी पहिल्या लेक्चरला बसतो, त्याच्या शाखेचं नाव काही असलं तरी मार्क झोपेवर ठरतात.

'पण शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, कॉलेज आधी फी मागतं,' ही तक्रार खोटी नाही, आणि तिची किंमत मोठी असू शकते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली; मुदतीच्या आत १७,५०० रुपये भरता आले नाहीत म्हणून ती गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून ती परत मिळवून दिली. पण म्हणून योजना कुचकामी, असा निष्कर्ष काढू नका. यातून रोख रकमेची तयारी आधी हवी, एवढंच सिद्ध होतं. पैशाची खात्री आधीच मिळाली तर काय फरक पडतो, तेही पाहा. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने हुशार पण गरीब मुलांना शाळेत असतानाच एक पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षांची फी माफ, नक्की. त्यातल्या बहुतेकांना ही मदत एरवीही मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांत अर्ज करणारे ६८ टक्के निघाले, न मिळालेल्यांत २६. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे २७ टक्के आणि १२ टक्के. रक्कम वाढली नव्हती, खात्री वाढली होती. आपल्याकडे ती खात्री सरकार पत्राने पाठवत नाही, म्हणून ती घरानेच कागद जमवून तयार करावी लागते.

आता पालकांच्या हट्टाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. श्रीमंत घरातला मुलगा चुकीच्या शाखेत गेला तर वर्ष वाया घालवून शाखा बदलतो. गरजू मुलाला ही मुभा जवळजवळ नसते. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या नियमांत एका टप्प्याचं शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्याचा दुसरा विषय घेणाऱ्याला पुन्हा मदत नाही. म्हणून 'सरकार भरतंय ना, मग इंजिनीअरिंगच घे' हे वाक्य या घरांत सर्वांत घातक आहे. पैसा संपल्यावर काय होतं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातही दिसतं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीची अट होती. मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षांचा हा खंड त्यांनी भरून काढला. प्रत्येक मुलाकडून तशी अपेक्षा धरणं अन्याय आहे. शिष्यवृत्ती घेताना तिच्या अटी आणि मुदत मुलाच्या समोर मोठ्याने वाचा, आणि शाखा त्यालाच निवडू द्या.

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तसं नॉन-क्रिमीलेयर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र, अधिवासाचा दाखला आणि मुलाच्या नावावरचं आधारशी जोडलेलं बँक खातं तयार ठेवा. प्रवेशाच्या दिवशी लागणारी रक्कम कॉलेजच्या कार्यालयात विचारून लिहून घ्या. त्याच दिवशी वसतिगृहाच्या अर्जाची शेवटची तारीखही विचारा. ती बहुतेक पालक विचारायला विसरतात.