झाडावर चढायला परदेशी?

कॉलेज संपवलेला पोरगा एक दिवस जेवता जेवता म्हणतो, "बाबा, मी ऑस्ट्रेलियात झाडं छाटायच्या कामाला जातो." आसगावात हे ऐकून घरातून काय उत्तर येणार, ते सांगायला नको. झाडावर चढायला एवढ्या लांब कशाला? पवनी तालुक्यात झाडं संपली का?

आईबाबांनो, तुमचा राग रास्त आहे, पण जरा थांबा. झाडीपट्टीतली पोरं आंब्या-जांभळावर चढतच मोठी होतात, म्हणून आपल्याला ते काम हलकं वाटतं. तिकडे मात्र तो शिकून करायचा धंदा आहे. आपल्याकडे फांदी तोडायची म्हणजे वरून कुऱ्हाडीचे घाव. फांदी अर्धवट तुटते आणि पडता पडता खोडाची साल सोलून नेते. तिकडे शिकवतात की, जड फांदीला आधी खालून चीर द्या, मग थोडं बाहेर सरकून वरून कापा आणि उरलेला खुंट शेवटी काढा. तोही खोडाला घासून नाही, फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो तो राखून, कारण जखम तिथूनच भरते. जगवायच्या झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढत नाहीत. वर करवत चालवताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असतो, आणि तो अडकला तर त्याला उतरवू शकेल असा दुसरा शिकलेला गडी खाली उभा हवा.

पोरगा जाईल तेव्हा पहिले काही महिने जमिनीवरच जातील, फांद्या ओढण्यात. घरी कुणी काडी उचलायला लावली नसेल, तर हे त्याला आत्ताच सांगा. कामाने अंग झिजतं, हेही सांगा.

खरं सांगू? पोरगा झाडावरून पडेल यापेक्षा तो एजंटाच्या हाती पडेल, याची मला जास्त धास्ती वाटते. शेत गहाण टाकायच्या आधी एवढं बघा. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावणाऱ्याकडे सरकारी नोंदणी लागते, आणि ती 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावतीही द्यावी लागते. "पाच लाख द्या, व्हिसा पक्का" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला 1,000 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा ठेवले आहेत. त्याला बारावीपुढचं दोन वर्षांचं शिक्षण आणि कामापुरती इंग्रजी लागते, आणि नावं सोडतीने निघतात. सोडत कुणालाच पक्की करून देता येत नाही.

मग पोराची हौस खरी की खोटी, हे कसं ओळखायचं? त्याला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक वर्गाला अर्ज करायला सांगा. तिथे झाडं छाटायला शिकवत नाहीत, पण दोर, गाठी आणि उंचीवरची शिस्त अंगात मुरते. थंडीत पहाटे उठून दोर आवरताना त्याचं मन रमलं, तर पुढचं बोलणं बसून करू. अर्जाचं उत्तर येईपर्यंत रोवणी आहेच. परदेशी जायचंय म्हणून बांधीतून सुटका नाही, हे मात्र त्याला ठणकावून सांगा.