जुनी गाडी सदोष निघाली तर दाद कोठे मागाल?

नव्या गाडीची किंमत परवडत नाही म्हणून लहान दुकानदार, नोकरदार आणि फेरीवर माल विकणारे जुन्या गाडीकडे वळतात. चार-पाच वर्षांची बचत एका दिवसात गाडीविक्रेत्याच्या हाती जाते. आठवडा उलटत नाही तोच इंजिन धूर टाकू लागते किंवा गिअरबॉक्स आवाज करू लागतो. विक्रेत्याकडे गेले की उत्तर ठरलेले असते : “शेठ, जुना माल आहे. तुम्हीच पाहून घेतलात.” बहुतेक गिऱ्हाईके नशिबाला बोल लावून परत फिरतात. परंतु हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे काय आहे, ते प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घेतले पाहिजे.

जुना माल वेगळा, खोटा माल वेगळा

आम्हा कापडवाल्यांत ‘सेकंड’ माल कमी भावाने विकला जातो. सेकंड सांगून विकला तर कोणाची तक्रार नसते. तोच माल ‘फ्रेश’ म्हणून बिलात लिहिला, तर ठाण परत येते आणि पैसेही परत करावे लागतात. गाडीचा न्याय असाच आहे. पाच वर्षे चाललेल्या गाडीचे टायर झिजले, क्लचप्लेट संपत आली, तर तो वापराचा परिणाम होय. त्याबद्दल भरपाई मिळण्याची आशा धरू नये. मात्र मोठ्या अपघातातून वर काढलेली गाडी ‘अपघात नाही’ म्हणून विकली, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून उभी केली, किंवा मीटर मागे फिरवून ९०,००० किलोमीटरचे ४०,००० दाखवले, तर ती फसवणूक आहे. गाडी जुनी असणे ही फसवणुकीची सबब होऊ शकत नाही.

कायदा काय सांगतो?

१९३० च्या माल विक्री कायद्याचे मूळ तत्त्व असे की मालाची पारख खरेदीदाराने करावी. परंतु कलम १६ मध्ये दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. पहिला, खरेदीदाराने आपली गरज सांगितली, विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवला आणि तो विक्रेता त्याच मालाचा धंदा करणारा असेल, तर माल त्या कामास योग्य असला पाहिजे. दुसरा, अशा धंदेवाईक विक्रेत्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल या दुसऱ्या अपवादाखाली मागाहून बोलता येत नाही. आत दडलेला दोष ही वेगळी गोष्ट.

विक्रेते बिलावर ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली, पुढे तक्रार नाही’ असे लिहून सही घेतात. कलम ६२ प्रमाणे अशी स्पष्ट अट घालून गृहीत हमी काढून टाकता येते, म्हणून ती सही डोळे झाकून करू नये. पण जाणूनबुजून सांगितलेले खोटे या अटीखाली झाकले जात नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ व १९ नुसार लबाडीने मिळवलेल्या संमतीचा करार फसलेला पक्ष रद्द करवून घेऊ शकतो.

तिसरा आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. १९८६ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. दोष काढून देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई देणे, असे हुकूम या कायद्याखाली ग्राहक आयोग देऊ शकतो.

व्यापाऱ्यांनी येथे सावध राहावे

ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेतली असेल, तर मात्र तो ग्राहक ठरतो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा फरक स्पष्ट केला. स्वतः टेम्पो चालवून पोट भरणारा ग्राहक होतो. चार टेम्पो ठेवून ड्रायव्हरकरवी धंदा करणाऱ्याला दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागण्याचा संभव असतो. म्हणून घरच्या वापराची गाडी दुकानाच्या नावावर घेण्यापूर्वी विचार करा. स्वयंरोजगारासाठी घेतली असेल, तर तसे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

पहिले आठ दिवस महत्त्वाचे

दोष कळल्यानंतर आपण काय करतो, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला आणि नाकारल्याचे कळवले नाही, तर तो स्वीकारला असे माल विक्री कायद्याचे कलम ४२ धरते. म्हणून पुढील गोष्टी विनाविलंब कराव्यात :

१) गाडी चालवणे थांबवा. मीटरचा आकडा आणि दोष यांचे तारखेसह फोटो घ्या.

२) ओळखीच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडू नका. एकदा उघडले की ‘तुमच्या मिस्त्रीनेच बिघडवले’ असे म्हणायला विक्रेता मोकळा होतो.

३) कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून तपासणीचा लेखी अहवाल घ्या. दोष किती जुना दिसतो, हे त्यात नमूद करून घ्या. तेथेच गाडीच्या जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत आजच्या मीटरपेक्षा मोठा आकडा असेल, तर मीटरची लबाडी कागदावरच उघडी पडते.

४) विक्रेत्याला पोचपावतीसह स्पीड पोस्टाने लेखी कळवा. दोष, अहवाल आणि आपली मागणी थोडक्यात लिहून पंधरा दिवसांची मुदत द्या. तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही.

५) जाहिरात, बिल, पैसे भरल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा. मूळ संदेश मोबाइलमधून पुसू नका. नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींसोबत प्रमाणपत्र जोडावे लागू शकते.

तक्रार कोठे व कशी?

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रथम तक्रार नोंदवावी. काही प्रकरणे तेथेच मिटतात. नाही मिटले, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आणि १० ते २० लाखांना ४०० रुपये आहे. वकील देणे सक्तीचे नाही. गाडी पुण्याहून घेतली असली तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय आहे. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरूनही ती दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे.

तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागवतो. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे धरून चालावे. म्हणून रक्कम लहान असेल आणि विक्रेता स्वखर्चाने दुरुस्ती द्यायला तयार असेल, तर लेखी समझोता करणे शहाणपणाचे.

खोटी कागदपत्रे, चोरीची गाडी किंवा फिरवलेले मीटर असेल तर पोलिसांकडेही जाता येते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. परंतु साध्या बिघाडासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून उपयोग नाही. ते प्रकरण दिवाणी म्हणून परत पाठवले जाते.

‘मी तर फक्त मध्यस्थ’

गाडीबाजारातील जुनी पळवाट ही : “मी दलाल, मालक दुसराच आहे.” १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी परिवहन खात्याचे अधिकारपत्र आले. अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर नोंद झाली की त्या काळापुरता तोच मालक समजला जातो. म्हणून अधिकारपत्र पाहावे आणि बिल त्याच्याच पेढीच्या नावाचे घ्यावे.

गाडी परत देऊन पैसे घेण्याचा समझोता झाला तरी काम संपले असे समजू नका. आर.सी. बुकातील नाव बदलेपर्यंत गाडी आपलीच. अपघात झाल्यास नोंदणीकृत मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार खटल्यात म्हटले आहे. नावबदलीचे फॉर्म २९ व ३० आर.टी.ओ.त दाखल झाल्याखेरीज चावी सोडू नये.

शेवटी एकच गोष्ट

वर सांगितलेले सर्व हक्क एका प्रश्नाशी येऊन थांबतात : विक्रेता काय बोलला होता, आणि ते सिद्ध करता येते काय? तेव्हा सौदा ठरताच पैसे देण्याआधी बिलावर चार ओळी लिहून घ्या : मीटरचा आकडा खरा आहे, मोठा अपघात झालेला नाही, गाडी पुरात सापडलेली नाही, कर्जाचा बोजा नाही. खऱ्या विक्रेत्याला या चार ओळींवर सही करायला अडचण नसते. जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी तेथून निघून यावे. कोर्टाच्या खेट्यांपेक्षा ते स्वस्त पडते.